आवक क्रमांक चारशे सतरा

आमच्या ऑफिसात कमेंटला आवक क्रमांक मिळत असे. म्हणजे दिल्लीतल्या कुणीतरी रिक्षात बसल्या बसल्या अंगठ्याने आमच्या पेजवर लिहिलेलं 'डेंगू में पपीते के पत्ते का रस चलेगा क्या' हे वाक्य आधी कागदावर छापलं जाई, मग एका लांबट हिरव्या रजिस्टरात त्याची नोंद होई, त्याला क्रमांक पडे आणि मगच त्याला उत्तर जाई. उत्तराच्या शेवटी तो क्रमांक आणि खाली एक ओळ: 'आगे पत्र-व्यवहार में कृपया इस संख्या का उल्लेख करें.' त्याखाली ऑफिसचा पूर्ण पत्ता, पिनकोडासकट.

हे सगळं एकच माणूस करी. दिल्लीच्या ऑफिसांत आवक-नोंदीला डायरी म्हणतात, म्हणून बाकीचं ऑफिस त्यांना 'डायरी साहब' म्हणे, आधी पाठीमागे आणि पुढे तोंडावरही. त्यांना ती पदवी वाटे.

मी तिथे 'सोशल मीडिया सल्लागार' म्हणून कंत्राटावर लागले तेव्हा मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहत होते. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या खोलीतली मुलगी परीक्षेसाठी वाचत असलेलं गाईड मला माझ्या पलंगावरून वाचता येई. सल्लागार हा शब्द मोठा होता. सल्ला मला कुणी विचारत नसे. ऑफिसचं काम लोकांना आरोग्याची माहिती देण्याचं, पण पेजवर ती माहिती शोधावी लागे. तिथे फीत कापणारे हात असत, दिवा लावणारे हात असत, पुष्पगुच्छ देणारे आणि घेणारे हात असत. हात धुण्याच्या मोहिमेच्या एका पोस्टमध्ये मी नऊ जणांचे हात मोजले. त्यातला एकही ओला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मी जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. "अगं हो, जेवले मी." मागून आवाज आला, "काय जेवलात?"

वळून पाहिलं तर साठीकडे झुकलेले, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले, खिशाला दोन टोकांची लाल-निळी पेन्सिल अडकवलेले गृहस्थ.

"नूडल्स," मी म्हटलं.

"ते जेवण नव्हे. ती तक्रार आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात एक पोळी जास्त येऊ लागली, आणि तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. ते नगरकडचे मराठी ख्रिस्ती. दिल्लीत पस्तीसेक वर्षं काढूनही त्यांचं मराठी तसंच्या तसं होतं, फक्त त्यात 'अच्छा' आणि 'बिल्कुल' येऊन बसले होते. नाताळात ते सगळ्या सेक्शनला करंज्या वाटत. दर वर्षी कुणीतरी म्हणे, "वाह सर, गुजिया!" आणि दर वर्षी ते म्हणत, "गुजिया नहीं है भाई. गुजिया की मौसी है."

त्यांची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. दवाखान्याच्या ओट्यावर बसून ती गावोगावच्या बायकांच्या शंका ऐके. यांनी आरोग्य शिक्षणाची नोकरी धरली ती त्या ओट्यासाठी, आणि त्यांना मिळालं टेबल. पेज सुरू झालं तेव्हा सगळ्यांना ते फलक वाटलं. यांना एकट्यांना तो ओटा वाटला.

"ते वरचं पोस्ट म्हणजे दवंडी," ते मला सांगत. "दवंडीवाला पुढे गेला की मागे माणसं एकमेकांत काय बोलतात ते ऐकायचं असतं. आमची आई म्हणायची, ज्याने विचारलं तो दारापर्यंत आला. आता त्याला आत घ्यायचं की नाही, एवढंच आपल्या हातात."

सकाळी दहाला कमेंटचे छापील कागद समोर घेऊन ते पेन्सिल चालवीत. निळी खूण म्हणजे विचारतोय. लाल म्हणजे घाबरलाय.

"आणि शिव्या देणारे, सर?"

"लाल. नीट वाच."

एकाने लिहिलं होतं, 'सब चोर हो, दवाई के नाम पर ज़हर देते हो.' मी ते पुसून टाकायला निघाले होते. यांनी त्याला क्रमांक दिला आणि विचारलं, 'कौन सी दवाई, किसे दी?' चार दिवसांनी उत्तर आलं. वडिलांना टीबी, गोळ्यांनी उलट्या होतात, म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. पुढचे दोन आठवडे हे त्या चोर म्हणणाऱ्या माणसाशी, त्याच्या वडिलांना पुन्हा दवाखान्यात कसं न्यायचं याविषयी पत्रव्यवहार करत होते. त्यांच्या लेखी तो पत्रव्यवहारच होता. उत्तर आधी रजिस्टरात हाताने लिहायचं, ते घेऊन कॉरिडॉरपलीकडच्या डॉक्टर मॅडमकडे जायचं, त्यांनी मान हलवली की मी टाइप करायचं. "मी डॉक्टर नाही," ते म्हणत. "मी पोस्टमन आहे. पोस्टमनने पाकिटात स्वतःचं काही घालायचं नसतं."

या सावधपणामुळे ते एकदा सगळीकडे गाजले. कुणीतरी विचारलं होतं, डेंगीचा डास दिवसा चावतो की रात्री. डॉक्टर मॅडम दोन दिवस रजेवर. हे उत्तर सेक्शनमधल्या शिपायालाही ठाऊक होतं, पण नियम म्हणजे नियम. यांनी लिहिलं: 'आपका पत्र प्राप्त हुआ. मामला विचाराधीन है.'

संध्याकाळपर्यंत त्या उत्तराचे फोटो फोनाफोनांतून फिरू लागले. एका डासाच्या चित्राखाली लिहिलेलं होतं, 'मैं विचाराधीन हूँ, तब तक काट लेता हूँ.' संचालक मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. परत आले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. "म्हणाल्या, विभागाचं हसू झालं. मी म्हटलं, मॅडम, पहिल्यांदाच कुणीतरी आपलं वाचलं."

गंमत अशी, की दुसऱ्या दिवसापासून लोक थट्टेने क्रमांक मागायला लागले. 'सर मेरा भी नंबर दे दो.' हे देत. एका पोराने विचारलं, 'मेरी शादी कब होगी?' त्यालाही क्रमांक पडला आणि उत्तर गेलं, 'विषय इस कार्यालय से संबंधित नहीं है. शुभकामनाएँ.' आणि थट्टा करायला आलेल्यांपैकी काहीजण, गर्दी पांगल्यावर, हळूच खरं काहीतरी विचारून जात. बहिणीला गाठ लागतेय. आजोबा पाणीच पीत नाहीत.

त्यांच्या पद्धतीत भोक नव्हतं असं नाही, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एका शनिवारी संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, 'कुत्ते ने काट लिया है, क्या करें.' यांनी ते सोमवारी सकाळी वाचलं. त्यांचा हात थांबला तो मी पाहिला. त्या माणसाला त्यांनी लगेच, रजिस्टर-बिजिस्टर सोडून, मला शेजारी उभं करून लिहायला लावलं. त्याचं उत्तर आलं, 'उसी दिन अस्पताल हो आया था. आपके भरोसे बैठता तो गया था.' तेव्हापासून पेजच्या अगदी वर एक ओळ कायमची होती: 'कुत्ता काटे तो हमें मत लिखिए. घाव पंद्रह मिनट साबुन-पानी से धोइए और सीधे अस्पताल जाइए.' आणि त्या माणसाच्या उत्तराचा कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. बाकीचे काचेखाली देव ठेवतात. यांनी ते ठेवलं होतं.

जानेवारीत दिल्लीतली मराठी मंडळी बसने पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला जातात. एका वर्षी त्यांनी मलाही नेलं. हार झाले, घोषणा झाल्या, फेटे बांधलेले तिघे वक्ते लागोपाठ तीच लढाई तीन वेळा हरले. हे मागे भिंतीपाशी शेंगा सोलत उभे. मला म्हणाले, "शौर्य कमी नव्हतं गं. शेवटी शेवटी पत्रं जात होती, पण उत्तरं येत नव्हती. वेढ्यात माणूस उपाशी मरतो ते नंतर. आधी त्याला वाटायला लागतं, की पलीकडे कुणी नाहीच." चौथे वक्ते उठले. हे चहाच्या टपरीकडे निघाले.

त्याच महिन्यात गुडगावहून जाहिरात एजन्सी आली.

एजन्सी म्हणजे पांढरे बूट घातलेला एक अत्यंत नम्र तरुण आणि त्याचा लॅपटॉप. त्याने पडद्यावर एक हसणारी सिरिंज आणली. तिचं नाव टीकू, हिंदीतल्या टीका म्हणजे लसीवरून. तिला गाल होते. संचालक मॅडम म्हणाल्या, "क्यूट है."

डायरी साहेबांनी हात वर केला. "बच्चे सुई से डरते हैं. उनको सुई ही हँसती हुई दिखाएँगे?"

"सर, हमने टेस्ट किया है. रिस्पॉन्स बहुत पॉझिटिव्ह है."

"किस पर टेस्ट किया?"

"ऑफिस में, सर."

"ऑफिस में किसको सुई लगनी थी?"

मीटिंग तिथेच संपली असती, पण समोसे यायचे होते. टीकू मंजूर झाला. त्याच्याबरोबर एक यंत्रणाही आली. आता प्रत्येक कमेंटला एका क्षणात आपोआप उत्तर जाणार होतं: एक लाल बदाम आणि 'स्टे हेल्दी'.

चौथ्या दिवशी सकाळी सर कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले. असे ते कधी येत नसत, बोलावून घेत. कागदावर 'गुड़िया की मम्मी' या नावाने, गुलाबाचा फोटो लावलेल्या एका बाईने लिहिलं होतं, की मुलीला गोवराच्या पहिल्या लसीनंतर दोन दिवस ताप आला होता. आता दुसरीची वेळ उलटून चाललीय. सासू म्हणते नको. फोनवर एक व्हिडिओ आलाय, त्यात म्हणे या सुईने मुलं कायमची अधू होतात. 'सर जी, क्या करूँ. गली में दो बच्चों को दाने निकले हैं.'

खाली आमचं उत्तर. लाल बदाम. स्टे हेल्दी.

"बाई विचारतेय पोरीचं काय करू," ते म्हणाले, "आणि आपण तिला बदाम पाठवतोय." आवाज चढला नव्हता. पेन्सिलीचं लाल टोक कागदावर इतकं रुतलं होतं, की कागद फाटला होता. "हिचा क्रमांक चारशे सतरा. लिही."

बाई खोडा कॉलनीत राहत होती, दिल्ली संपून गाझियाबाद सुरू होतं तिथे. पुढचे तीन आठवडे मी चारशे सतराची टंकलेखिका होते. ताप किती होता? झटके आले होते का? आता मुलगी खाते-पिते का? प्रत्येक उत्तर डॉक्टर मॅडमकडे जाई. मॅडम म्हणाल्या, असा ताप येतो आणि जातो, त्याला घाबरून दुसरा डोस चुकवू नये, तरी नर्सला आधी सगळं सांगावं. हे पहिल्याच दिवशी लिहून झालं होतं. बाईला पटलंही होतं. अडलं होतं ते सासूपाशी.

यांनी तो व्हिडिओ मागवला आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पूर्ण आवाजात दोनदा पाहिला. सगळं सेक्शन कामं सोडून ऐकत होतं. मला वाटलं आता ते मुद्द्यांनिशी खोडून काढतील. त्यांनी एवढंच लिहिलं: 'माताजी ने यह देखा और पोती के लिए डर गईं. डरना उनका हक़ है. उन्हें झूठा मत ठहराइए. उन्हें साथ ले जाइए, और नर्स से सवाल वही पूछें.'

"सर, पण व्हिडिओ खोटा आहे हे सांगायला नको?"

"ते सांगितलं की सुनेच्या हातात काठी येते. म्हातारीला काठीने दवाखान्यात नेता येत नाही. पुढे चालवावं लागतं."

बाईने लिहिलं, 'कोशिश करती हूँ.' मग आठ दिवस काहीच नाही. हे रोज चारशे सतराच्या पानापाशी येऊन थांबत.

त्या आठ दिवसांत संचालक मॅडमनी एका कार्यशाळेत समई लावली. फोटो सुंदर होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'मैडम, दीया हो गया हो तो हमारी गली का गड्ढा भी देख लो, मच्छर पल रहे हैं,' आणि ते फोटोपेक्षा पुष्कळ जास्त लोकांना आवडलं. मंत्रालयातून फोन आला म्हणे. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: येत्या एक तारखेपासून पेजवरच्या कमेंट बंद. एजन्सीच्या तरुणाने समजावलं की याने पेज 'क्लीन' दिसेल. लोक आता टीकूबरोबर सेल्फी काढून एंगेज होतील.

सर संचालक मॅडमकडे गेले. मीही गेले, कारण त्यांनी मला रजिस्टर उचलायला लावलं होतं.

"मॅडम, इकसठ मामले लंबित हैं."

"कौन से मामले?"

"ये सब. लोग."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी रजिस्टर खरंच उलटून पाहिलं, दोन पानं वाचलीही. मग म्हणाल्या, "आप रिटायरमेंट तक आराम से बैठिए ना, सर. इतना लोड क्यों लेते हैं?"

चार दिवस उरले होते. मी सुचवलं, चारशे सतराला माझा मोबाइल नंबर देऊ. ते नाही म्हणाले.

"तुझं कंत्राट जूनपर्यंत, माझी नोकरी ऑक्टोबरपर्यंत. आपले फोन आपल्याबरोबर जातील. पत्ता इथेच राहील."

"सर, यार, आजकाल पत्र कोण लिहितं?" तोंडातून गेलंच. त्यांना आजवर कुणी यार म्हटलं नसावं. ते हसले.

"सरकारला लिहितात. अजून."

एकसष्ट जणांना आम्ही एकसष्ट उत्तरं लिहिली. प्रत्येकाच्या प्रश्नाचं उत्तर, आणि शेवटी: 'यह खिड़की बंद हो रही है. दरवाज़ा खुला है,' पुढे पत्ता आणि क्रमांक. चारशे सतराला एक ओळ जास्त होती: 'टीका लगे या न लगे, ख़बर दीजिए.'

एक तारखेला पेज स्वच्छ झालं. टीकू हसत होता. खाली पांढरी जागा होती.

दहा वाजता डायरी साहेबांपुढे छापायला काही नसे. ते पेन्सिलीला टोक काढत. साडेअकराला डाक येई, ते मान वर न करता शिपायाला विचारत, "कुछ?" आणि शिपाई, त्यांच्याच वयाचा भला माणूस, दोन दिवसांनी आपणहून "कुछ नहीं, साहब," म्हणत आत येऊ लागला. खोडाकडे गोवराचे आणखी पेशंट असल्याचं डॉक्टर मॅडमच्या कानावर आलं. मी म्हटलं, मी जाऊन शोधते.

"कशी शोधशील? गल्लीत उभी राहून गुड़िया की मम्मी म्हणून हाक मारशील? निम्मी कॉलनी बाहेर येईल."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा माझ्याकडे सरकवला. उत्तर देणारा माणूस उत्तराची वाट पाहताना किती लहान दिसतो ते मला तेव्हा कळलं, आणि मी खिडकीबाहेर बघत पोळी खाल्ली.

तिसऱ्या आठवड्यात शिपाई "कुछ नहीं" न म्हणता आत आला. पाकीट पिवळं, तिकीट तिरकं, आणि पत्त्याच्या वर, डाव्या कोपऱ्यात, वहीच्या ओळीवर लिहावं तसं नीट: 'आपकी संख्या ४१७.'

सरांनी पट्टीने पाकीट उघडलं. वाचलं. मग माझ्याकडे दिलं, आणि चष्मा पुसायला घेतला.

पत्र गुड़ियाच्या मम्मीचं नव्हतं. सासूचं होतं. तिने सांगितलेलं, सुनेने लिहिलेलं. म्हातारीने लिहवून घेतलं होतं, की सून म्हणते साहेबांना खबर द्यायचीय, तर मीच देते, कारण बरोबर मी गेले होते. नर्सला सगळे प्रश्न मीच विचारले. तिने मला स्टूल दिलं आणि एकेकाचं उत्तर दिलं. सुई लागली. ताप यायचा तो आला, उतरला. मुलगी आता शेजाऱ्यांच्या शेळीमागे धावते. शेजारच्या दोघी सुनांनाही मीच घेऊन गेले, कारण त्या घाबरट आहेत. आणि शेवटी, वेगळ्या परिच्छेदात: 'साहब, सबके बच्चों को लगवा दिया. अब यह बताइए, हम बूढ़ों के लिए भी कोई टीका होता है क्या? घर में किसी ने पूछा नहीं.'

बातमी सेक्शनभर झाली. शिपायाने सगळ्यांना चहा सांगितला. मी चारशे सतरासमोर 'निकाली' असं लिहायला पेन उचललं.

"थांब," ते म्हणाले. चारशे सतरावर त्यांनी स्वतः, सावकाश, निळ्या टोकाने बरोबरची खूण केली. मग ओळ सोडून, नव्या ओळीवर, नवा क्रमांक घातला. नावाच्या रकान्यात 'गुड़िया की दादी' लिहिलं. विषयाच्या रकान्यात क्षणभर थांबले, आणि पत्रातलंच एक वाक्य उतरवलं: घर में किसी ने पूछा नहीं.

पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं.

"जा, डॉक्टर मॅडमकडे. विचारून ये. आणि जेवायच्या आधी गाठ, मग त्या मीटिंगला जातात."